‘दार उघडले’

शालेय व्याकरणात उभयविध क्रियापद शिकवताना एक जोडी हमखास येते. ‘रामाने दार उघडले’ आणि ‘दार उघडले’. पहिल्या वाक्यात उघडणारा आहे. दुसऱ्यात दार आहे, उघडणे आहे आणि कोणीच नाही. एकच क्रियापद सकर्मकही होते आणि अकर्मकही, एवढे सांगून पुस्तक पुढे जाते. बी.ए.च्या वर्गात मात्र या दुसऱ्या वाक्यापाशी थोडे थांबावे असे मला नेहमीच वाटत आले आहे. दार वाऱ्याने उघडले? कडी सैल होती? की उघडणारा कोणी होता, पण सांगणाऱ्याला त्याचे नाव घ्यायचे नाही? मराठी वाक्य या साऱ्या शक्यता मोकळ्या ठेवते, आणि आपल्या कथाकारांनी या मोकळेपणाचा पुष्कळ उपयोग करून घेतला आहे. हे व्याकरण एखाद्या माणसाच्या पोटापाण्याशी येऊन भिडेल, असे मात्र २०१३ सालापर्यंत माझ्या मनात आले नव्हते.

त्या वर्षी मी ज्या संस्थेत शिकवत होते (संस्थेचे नाव येथे अप्रस्तुत आहे), तेथे हस्तलिखितांच्या खोलीतून पोथ्यांचे दोन गठ्ठे नाहीसे झाले. खोलीला आदल्याच वर्षी कार्डाने उघडणारे दार बसवले होते. जुने पितळी कुलूप आणि किल्ल्यांचा जुडगा जाऊन भिंतीवर एक काळी डबी आली, तिच्यात एक लाल दिवा. कार्ड जवळ नेले की दिवा हिरवा होई आणि दार सुटे. चौकशी समिती नेमली गेली. इतिवृत्त शुद्ध मराठीत हवे म्हणून मला चिटणीस केले. पुरवठादाराच्या माणसाने संगणकावरून एक कागद छापून आणला. त्यावर रविवारची तारीख, दुपारची वेळ, पाच आकडी क्रमांक आणि इंग्रजीत दोन शब्द होते. त्यांचा शब्दशः अर्थ एवढाच: दार उघडले.

तो क्रमांक विभागातल्या शिपायांच्या कार्डाचा होता. सगळे त्यांना मामा म्हणत. मामांचे म्हणणे साधे होते. “मॅडम, कार्ड ऑफिसात खिळ्याला अडकवलेलं होतं. मी शनिवारीच गावाला गेलो. भाचीचं लग्न होतं, विचारा की कुणालाही.” विचारले तर साक्षीदार सारे नात्यातले. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी माझ्यासमोरच मसुदा सांगायला सुरुवात केली: “श्री. अमुक यांनी रविवारी दार उघडले.” मी लेखणी थांबवली. कागदावर तसे लिहिलेले नाही, असे मी म्हटले. कागद म्हणतो की एक क्रमांक वाचला गेला आणि दार उघडले. ‘यांनी’ हा शब्द आपला आहे, यंत्राचा नाही. थोडा हशा झाला. भाषेची माणसे अशीच, असा त्याचा आशय असावा.

मी पुरवठादाराच्या माणसाला विचारले की कार्डाची नक्कल होऊ शकते का. “शक्यच नाही मॅडम, सिस्टीम इम्पोर्टेड आहे.” हे लेखी द्याल का, यावर तो विचारून कळवतो म्हणाला. ते कळवणे कधी झाले नाही. मामांच्या कार्डाच्या पाठीवर एक आकडा छापलेला होता, आणि कागदावरचा आकडा तोच होता. कार्डावर उघड छापलेले असते आणि दाराला ऐकवायचे असते ते जर एकच, तर त्याला किल्ली म्हणायचे की पाटी, एवढे मला त्या दिवशीही कळत होते. माझी असहमतीची टीप इतिवृत्ताला जोडली गेली. समितीने चोरीचा आरोप ठेवला नाही, निष्काळजीपणाचा ठेवला: कार्ड दुसऱ्याच्या हाती जाऊ दिले. मामांची बदली दुसऱ्या इमारतीत झाली आणि एक वेतनवाढ रोखली गेली. पोथ्या मिळाल्या नाहीत.

त्यानंतर या दारांविषयी जे मिळेल ते मी वाचत गेले. मी संगणकशास्त्राची नव्हे. परंतु वाचता वाचता ध्यानात आले की हा विषय आपल्या क्षेत्रापासून वाटतो तितका दूर नाही. भिंतीवरच्या त्या डबीला जगभर ‘रीडर’ म्हणतात. वाचकच तो. आणि फार भोळा वाचक. पुष्कळ ठिकाणी अजूनही वापरात असलेल्या जुन्या पद्धतीत कार्डाजवळ स्वतःची वीजही नसते. रीडरच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रात आले की ते जागे होते आणि आपला क्रमांक सांगते. कोण विचारतो आहे, हे ते पाहत नाही. समोर कोणतेही यंत्र धरा, ते त्यालाही तेच सांगेल. या क्रमांकाची सर्वांत रुळलेली मांडणी २६ बिटांची आहे: ८ बिटे संस्थेची ओळख, १६ बिटे कार्डाचा क्रमांक आणि २ बिटे उच्चार नीट ऐकू आला की नाही हे ताडून पाहण्यासाठी. १६ बिटांत ६५,५३६ हून अधिक क्रमांक बसत नाहीत. रीडर तो क्रमांक तारेवरून आतल्या कंट्रोलरला पोचवतो, जुन्या तारजोडणीत तोही उघड्या शब्दांत, आणि निर्णय कंट्रोलर घेतो. या साखळीत माणूस कोठेही नाही. संहिता आहे, आणि तिच्यावर विश्वास ठेवणारा वाचक आहे.

अशा कार्डांची नक्कल करता येते, हे २००३ सालीच एका अभियंत्याने स्वतः यंत्र बनवून जाहीरपणे दाखवले होते. म्हणजे आमच्या समितीच्या दहा वर्षे आधी. २००७ साली वॉशिंग्टनला ब्लॅक हॅट या परिषदेत याच विषयावर एक व्याख्यान ठरले होते. एचआयडी या कार्ड बनवणाऱ्या मोठ्या कंपनीकडून पेटंटभंगाचा इशारा देणारे पत्र आले आणि ते रद्द झाले. व्याख्यान रद्द करा असे आपण म्हटलेच नव्हते, अशी कंपनीची नंतरची भूमिका होती. असो. आज ही नक्कल करणारी हातात मावणारी यंत्रे कोणीही घरबसल्या मागवू शकतो.

संगणकाच्या भाषेत अशा उणिवेला ‘व्हल्नरेबिलिटी’ म्हणतात. मराठी परिभाषेत तिला ‘असुरक्षितता’ म्हटलेले आढळते. मला ते पटत नाही. असुरक्षितता ही अवस्था झाली; येथे अभिप्रेत आहे ती जागा. आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे: मर्म. शरीरावर जेथे घाव बसला असता प्राण जातो ते मर्म, आणि कवितेत जे हाती लागल्यावाचून कविता कळली असे म्हणता येत नाही तेही मर्म. दुर्योधनाचे मर्म मांडीत होते. ते ठाऊक असणारा शत्रूही असू शकतो आणि वैद्यही. मर्मज्ञ हे विशेषण आपण टीकाकाराला देतो तेव्हा त्यातली ही धार आपल्या लक्षात राहत नाही, इतकेच.

अशा एका मर्मज्ञाची हकीकत मला विशेष जवळची वाटते. डेव्हिड टोमाशिक हा गूगलचा अभियंता. कॅलिफोर्नियात सनीव्हेल येथील गूगलच्या इमारतींची दारे सॉफ्टवेअर हाऊस या कंपनीच्या यंत्रणेवर चालत. टोमाशिकने दारांकडे जाणाऱ्या-येणाऱ्या सांकेतिक संदेशांचे निरीक्षण केले. चांगल्या रीतीने सांकेतिक केलेला मजकूर पाहणाऱ्याला निव्वळ गोंगाट दिसला पाहिजे. त्यात काही पुन्हा पुन्हा येता कामा नये. येथे येत होते. आपण एखाद्या प्रक्षिप्त ओवीवर जसा संशय घेतो, लकबीवरून, तसाच हा संशय होता. खोलात गेल्यावर कळले की सांकेतिक करण्याची किल्ली यंत्राच्या आतच कायमची कोरलेली होती आणि त्या जातीच्या साऱ्या यंत्रांत ती एकच होती. ती हाती आल्यावर टोमाशिक ‘दार उघड’ हा संदेश स्वतः रचू शकत होता, किंवा पूर्वी ऐकलेला संदेश पुन्हा ऐकवू शकत होता. २०१७ च्या उन्हाळ्यात त्याने असा संदेश पाठवला आणि त्याच्या कचेरीच्या दाराचा लाल दिवा हिरवा झाला. ज्यांना आत जाण्याचा अधिकार आहे त्यांना बाहेर अडवणेही त्याला शक्य होते. आणि या कशाचीही नोंद लॉगमध्ये होत नव्हती.

हे शेवटचे वाक्य वाचून मी पुस्तक मिटावे तसा संगणक मिटला. आमच्या समितीने कागदावर जे होते त्यावर विश्वास ठेवला होता. कागदावर जे नव्हते ते घडलेलेच नाही, असेही ओघाने मानले होते. सनीव्हेलच्या दाराने दाखवले की दार उघडूनही ‘दार उघडले’ हे वाक्य लिहिले न जाणे शक्य आहे. पुढे २०२२ साली ट्रेलिक्स या कंपनीच्या संशोधकांनी लेनेलएसटू या नावाने विकल्या जाणाऱ्या मर्क्युरी कंट्रोलरांत आठ त्रुटी शोधल्या. त्यांपैकी काहींच्या आधारे दुरून दार उघडता येत होते आणि नोंदी व सूचना यांनाही चकवता येत होते. आता हे दोन्ही बाजूंनी पाहा. न उघडलेल्याच्या नावावर नोंद असू शकते, उघडलेल्याची नसू शकते, आणि चौकशी करणाऱ्यापुढे दोन्ही कागद सारखेच नीटनेटके येतात. गूगलच्या बाबतीत निर्मात्याने पुढच्या यंत्रांत सुधारणा केली, परंतु जुन्या यंत्रांची स्मृती नवे सॉफ्टवेअर मावण्याइतकी नव्हती. म्हणजे दुरुस्ती हवी तर भिंतीवरची पेटीच बदलायची.

मर्म सापडल्यावर ते सांगावे की झाकावे? या प्रश्नावर एका न्यायालयाने दिलेला निर्णय आपल्या अभ्यासक्रमात असायला हरकत नाही, इतका तो टीकेच्या स्वातंत्र्याशी निगडित आहे. मायफेअर क्लासिक नावाची चिप १९९४ साली बाजारात आली. ती नुसता क्रमांक सांगत नसे. ती रीडरशी सांकेतिक भाषेत बोलत असे, आणि ती भाषा, क्रिप्टो-१, कंपनीचे गुपित होते. लंडनचे प्रवासी, नेदरलँडमधले प्रवासी, तिथल्या सरकारी कचेऱ्यांतले कर्मचारी, सारे हीच चिप खिशात बाळगून होते. डिसेंबर २००७ मध्ये कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लॉट्झ यांनी बर्लिनच्या परिषदेत सांगितले की त्यांनी चिपचे थर घासून काढले, प्रत्येक थराचे सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्र घेतले आणि त्या चित्रांतून गुपित वाचायला सुरुवात केली. जीर्ण ताम्रपट वाचणाऱ्याला ही रीत अपरिचित वाटू नये. पाठोपाठ मार्च २००८ मध्ये नायमेखन येथील राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी भाषा पुरती उलगडली. किल्ली अवघी ४८ बिटांची निघाली, आणि चिप ज्याला यादृच्छिक आकडा म्हणे तो मुळीच तसा नव्हता. त्यांनी आधी सरकारला आणि निर्मात्याला कळवले, मग निबंध लिहिला. निर्माती कंपनी एनएक्सपी निबंध थांबवण्यासाठी न्यायालयात गेली. १८ जुलै २००८ रोजी आर्नेमच्या न्यायालयाने मनाई देण्यास नकार दिला. नुकसान होईल तर ते उणीव असलेली चिप बनवून विकल्यामुळे होईल, ती उणीव दाखवणाऱ्या निबंधामुळे नव्हे, असा निकालाचा रोख होता. निबंध ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला.

या निकालामागे जो विचार उभा आहे तो मूळचा एका भाषाशिक्षकाचा आहे. ओग्युस्त केरखॉफ्स हे जन्माने डच, पॅरिसमध्ये जर्मन भाषा शिकवत. १८८३ साली त्यांनी लष्करी कूटलेखनावर लेखमाला लिहिली. तिच्यातले प्रसिद्ध तत्त्व थोडक्यात असे: यंत्रणेची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायची ती फक्त किल्ली. पुढे हेच केरखॉफ्स व्होलाप्यूक या कृत्रिम जागतिक भाषेच्या प्रसारात अग्रेसर झाले आणि तिच्या निर्मात्याशी, श्लायर नावाच्या धर्मगुरूशी, त्यांचे वाजले. कारण भाषेत कोणताही बदल करायचा तर शेवटचा शब्द आपला असावा, असा श्लायर यांचा आग्रह होता. जो माणूस कुलपाच्या रचनेवर कोणाची मक्तेदारी मानत नाही, तो भाषेच्या व्याकरणावरही मानणार नाही, हे मला फार सुसंगत वाटते. व्होलाप्यूक आज मूठभर हौशी लोकांपुरती उरली आहे. तत्त्व टिकले.

आपल्याकडे रायगडाविषयी एक कथा सांगतात. गड बांधून झाल्यावर शिवाजी महाराजांनी जाहीर केले की दरवाज्याखेरीज अन्य वाटेने जो वर येऊन दाखवील त्याला होनांची थैली आणि सोन्याचे कडे मिळेल. एक महार गडी पुढे आला, कडा चढून गेला आणि त्याने वर निशाण रोवले. त्याला बक्षीस मिळाले आणि ती वाट बंद करण्यात आली. हिरकणीची गोष्ट आईच्या मायेची म्हणून पाठ्यपुस्तकांत गेली. ही मात्र मागे राहिली. कथेचा ऐतिहासिक आधार किती, हा प्रश्न इतिहासकारांवर सोपवू. ती सांगणाऱ्या समाजाला गडाचे मर्म दाखवणारा माणूस बक्षिसास पात्र वाटत होता, एवढे तिच्यातून निश्चित दिसते. सॉफ्टवेअर कंपन्या आज असे इनाम लावतात, पण ते लावण्यापूर्वी बऱ्याच जणींनी वकिलांची पत्रे पाठवून पाहिली आहेत.

खर्च कोणी सोसायचा, हा या विषयातला सर्वांत नीरस आणि सर्वांत निर्णायक भाग. २०१२ साली कोडी ब्रोशियस याने दाखवले की ओनिटी कंपनीच्या हॉटेलांतल्या कुलपांच्या तळाशी एक बारीक भोक असते आणि त्यात स्वस्तातले एक घरगुती यंत्र खुपसले की कुलूप आपली किल्ली स्वतःच वाचू देते. कंपनीने भोकाला बसवायचे बूच फुकट देऊ केले. खरी दुरुस्ती, म्हणजे आतले सर्किट बदलणे, हवी असल्यास पुष्कळ हॉटेलांना पैसे पडणार होते. त्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये याच पद्धतीने खोल्या फुटल्या.

परंतु मामांची आठवण मला सर्वाधिक झाली ती फिनलंडमधल्या दोघांविषयी वाचताना. २००३ साली बर्लिनमध्ये एका सुरक्षा-परिषदेला गेलेल्या संशोधकाचा लॅपटॉप हॉटेलच्या खोलीतून गेला. दार फोडल्याची खूण नव्हती आणि लॉगमध्ये परक्या प्रवेशाची नोंद नव्हती. हॉटेलने तक्रार मनावर घेतली नाही. त्याचे सहकारी टोमी टुओमिनेन आणि टिमो हिर्व्होनेन यांनी तेव्हापासून नोकरी सांभाळून त्या कुलपांचा अभ्यास केला; हजारो तास घातले. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केले की व्हिंगकार्डच्या ‘व्हिजन’ यंत्रणेत त्या हॉटेलचे कोणतेही कार्ड, अगदी मुदत संपून टाकून दिलेलेही, घेऊन काही मिनिटांत साऱ्या इमारतीची सर्वाधिकारी किल्ली बनवता येते, आणि मागे खूण राहत नाही. त्यांनी निर्मात्याला आधी कळवले, वर्षभर त्याच्यासह काम करून दुरुस्ती तयार केली आणि आपली साधने कोणाला दिली नाहीत. “लॉगमध्ये नाही” या उत्तराला प्रत्युत्तर द्यायला त्यांना पंधरा वर्षे लागली. ते दोघे निष्णात होते, आणि एवढा वेळ घालणे त्यांना परवडत होते. आमच्या मामांना एक वेतनवाढही परवडत नव्हती.

नायमेखनच्या निबंधाचे पुढे काय झाले, हे मार्च २०२४ मध्ये पुन्हा पाहायला मिळाले. इयान कॅरोल, लेनर्ट वाउटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अनसॅफलॉक’ या नावाने सॅफलॉक कुलपांतल्या त्रुटी जाहीर केल्या. १३१ देशांतल्या सुमारे १३,००० इमारती आणि ३० लाखांहून अधिक दारे यांचा हा प्रश्न होता. पुष्कळ दारांवर कार्ड तेच होते: मायफेअर क्लासिक, ज्याचा निकाल २००८ सालीच लागला होता. त्या हॉटेलचे कोणतेही एक कार्ड मिळवायचे, त्यावरून दोन बनावट कार्डे तयार करायची. पहिले कुलपाच्या स्मृतीत थोडा फेरफार करते, दुसरे ते उघडते. संशोधकांनी निर्माती कंपनी डोर्माकाबा हिला सप्टेंबर २०२२ मध्येच कळवले होते. दीड वर्षाने जाहीर केले तेव्हा ३६ टक्के कुलपे सुधारली अथवा बदलली गेली होती. यात आळसच आहे असे म्हणता येणार नाही. प्रत्येक दारापाशी माणूस जायला हवा, कार्डे बदलायला हवीत, स्वागतकक्षातले सॉफ्टवेअर बदलायला हवे, आणि त्याच यंत्रणेला जोडलेली लिफ्ट, वाहनतळ, व्यायामशाळा यांची दारेही त्यासोबत जुळवून घ्यायला हवीत. आतून लावायचा बोल्टही त्याच यंत्रणेच्या ताब्यात असल्याने बनावट कार्डाने तोही सरकतो. खोलीत असताना दाराची साखळी लावून घ्यावी, असा सल्ला त्या वेळी प्रवाशांना देण्यात आला.